चीक

डॉक्टर शीलवंतांनी केसपेपरच्या पाठीवर
जे काढून दाखवलं ते आमच्या कडोलीचं रताळंच होतं,
एका टोकाला जाड, दुसऱ्याला निमुळतं,
कण्यावर आडवं टेकलेलं.
मग मधोमध पेनानं रेघ मारली.
"इथं तुटलंय. पुढून मोटारसायकलचं हँडल, मागं मणका,
मधे सापडलं बिचारं."
बिचारं म्हणाले, ते मला आवडलं.

नाव सांगितलं, स्वादुपिंड.
लहानपणापासून भरमाच्या ताटात मीच वाढलं,
आणि त्याच्या पोटात असं गोड नावाचं काही आहे
हे मला ठाऊक नव्हतं.
शेजारच्या खाटेशी नीलव्वाला
कानडीत सांगितलं, मेदोजीरक.
तिलाही ठाऊक नव्हतं.
तिच्या बसलिंगला ट्रॅक्टरचं स्टिअरिंग लागलेलं
बैलहोंगलच्या वाटेवर, त्याच आठवड्यात, त्याच जागी.

बसलिंगचं पोट रात्रीच उघडलं.
तुटलेलं शेपूट काढलं, त्याबरोबर पाणथरी गेली.
बरणीतून नीलव्वाला दाखवायला आणलं,
तिनं भिंतीकडं तोंड केलं.

भरमाचा रक्तदाब टिकून होता.
तोंडातून दुर्बीण घालून आत बारीक नळी बसवली,
कुशीतून एक रबरी नळी बाहेर, पिशवी खाटेला.
"थांबून बघू," शीलवंत म्हणाले.
सकाळी मोठे डॉक्टर अंकलगी आले,
वाकून पिशवी बघितली, म्हणाले, "मी कापलं असतं."
दोघे इंग्रजीत बोलत व्हरांड्यात गेले.
मी तिथंच, पिशवीवर डोळा ठेवून.

रताळ्याचं मला कळतं.
आठ वर्षं मार्केट यार्डात निवडायला बसते.
कुदळ लागलेलं हातात आलं की
मोडका भाग छाटून उरलेलं आजच विकायचं,
नाहीतर राख लावून सावलीत ठेवायचं,
चीक आटेपर्यंत हात लावायचा नाही.
काही धरतात. काही आतून सडतात,
वास येईपर्यंत कळत नाही.
कुठलं धरेल ते दलालालाही सांगता येत नाही की.

पिशवीतला चीक मी वहीत लिहीत गेले.
मंगळवार तीनशे चाळीस. बुधवार तीनशे दहा.
शुक्रवार पुन्हा चारशे, ताप.
तांदळाच्या धुवणासारखं पाणी,
पण अंगावर सांडलं की कातडी खातं.
सिस्टर म्हणाली, अन्न पचवायचं पाणी ते,
वाट चुकलं की माणूसच पचवतं.

दोघांनाही तोंडानं काही द्यायचं नव्हतं.
आणि नीलव्वा रोज दुपारी मला विचारायची,
"ऊटा आतेन?"
जेवण झालं का, एवढंच.
आम्ही जिन्यात बसून तिच्या डब्यातली
जोंधळ्याची भाकरी खायचो, चोरासारख्या,
चावायचा आवाज होऊ नये म्हणून
पाण्यात बुडवून.

अकराव्या दिवशी बसलिंग घरी गेला, चालत.
नीलव्वाच्या हातात लशींचं कार्ड
आणि इन्सुलिन ठेवायला बर्फाचा थर्मास.
घरी फ्रिज नाही, माठाखाली वाळूत ठेवीन म्हणाली.

भरमा त्रेचाळीस दिवस राहिला.
एकदा रात्री दोनला मला बाहेर काढलं,
दार लावून घेतलं. त्या रात्रीचा आकडा वहीत नाही.
नळी निघाली तेव्हा वजन एकेचाळीस किलो,
साखर शंभर, शेपूट जागेवर,
आत लिंबाएवढी पाण्याची गाठ.
ती विरेल, म्हणतात. किंवा नाही.

परवा सांबऱ्याहून एका बाईचा फोन आला.
पोरगा सायकलवरून पडलाय, तेच झालंय.
नंबर सिस्टरनं दिला म्हणे.
"अक्का, कापू देऊ का थांबू?"
मी वही उघडली. आकडे वाचून दाखवले.
बसलिंगचं सांगितलं, भरमाचं सांगितलं,
त्या राताचं नाही सांगितलं.
पलीकडं नुसता पंख्याचा आवाज.
मग मला दुसरं काही सुचेना.
विचारलं, सकाळपासून तू काही खाल्लंस का?